आपल्याच फायलींतून उत्तर देणारा चॅटबॉट कसा उभा राहतो

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नांची रीघ लागते. पोंगा अवस्थेत पाऊस झालाय, आता काय मारू? फुलोऱ्यात अमुक औषध चालेल का? माल युरोपला द्यायचा असेल तर शेवटची फवारणी कधी थांबवायची? दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत आणि निर्यातदारांच्या ऑफिसांत यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं लेखी पडून असतात. हंगामाचं वेळापत्रक, शिफारस केलेल्या औषधांची यादी, मालात औषधाचा किती अंश उरला हे सांगणारे प्रयोगशाळेचे रेसिड्यू रिपोर्ट, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले, शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेची परिपत्रकं. अडचण एवढीच की ती शोधून सांगणारा सल्लागार एक आणि विचारणारे शेकडो.

म्हणून 'आमच्या कागदांवरून उत्तर देणारा चॅटबॉट करता येईल का' हा प्रश्न आता सगळीकडे ऐकू येतो. येतो करता, आणि त्याला मोठी टीमही लागत नाही. एक-दोन जाणकार मुलं काही आठवड्यांत चालता नमुना उभा करू शकतात. पण कष्ट कुठे पडतात याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. कोणतं मॉडेल घ्यायचं यावर बैठका झडतात आणि खरं काम फायलींत पडून राहतं. फायली मराठी असतील तर ते काम आणखी वाढतं. या लेखात मी त्यावरच जास्त बोलणार आहे, कारण इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग सापडत नाही.

आधी शोध, मग उत्तर

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांच्यामागची भाषा मॉडेल्स प्रचंड मजकूर वाचून तयार झालेली असतात. द्राक्षावर केवडा हा रोग का येतो हे ती बऱ्यापैकी सांगतील. पण तुमच्या कंपनीने यंदाच्या हंगामासाठी कोणती यादी मान्य केली आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. तरीही विचारलं तर ती अनेकदा उत्तर देतात. पुढचा शब्द कोणता शोभेल हे ओळखत ती लिहीत जातात, त्यामुळे औषधाचं नाव खरं वाटेल असं येतं आणि दिवसांचा आकडाही खरा वाटेल असा येतो.

द्राक्षात हा प्रकार परवडत नाही. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत, म्हणजे बागायतदार ज्याला पीएचआय म्हणतात, तो आकडा चुकला तर मालात औषधाचा अंश राहतो. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तो हंगाम नाशिकचे जुने निर्यातदार अजून विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी 'साधारण बरोबर' उत्तराचा काही उपयोग नसतो.

यावरची पद्धत २०२० मध्ये फेसबुकच्या संशोधन विभागातल्या पॅट्रिक लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे 'रॅग' म्हणतात. कल्पना सोपी आहे. प्रश्न आला की तो थेट मॉडेलला द्यायचा नाही. आधी आपल्या फायलींत त्या प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधायचे, मग ते उतारे आणि प्रश्न मॉडेलपुढे एकत्र ठेवायचे आणि सांगायचं, यावरूनच उत्तर लिही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'आम्ही आमच्या फायली देऊन एआय ट्रेन केलं' असं लोक सहज म्हणून जातात, पण या पद्धतीत मॉडेलला काहीच शिकवलेलं नसतं. ते होतं तसंच राहतं. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी चार-पाच उतारे त्याच्यासमोर येतात आणि उत्तर संपलं की जातात. याचा फायदा मोठा आहे. यादी बदलली तर फाइल बदलायची, झालं. मॉडेलला पुन्हा शिकवायचा खर्च नाही, आणि उत्तर कुठल्या पानावरून आलं हे दाखवता येतं.

फाइल उघडते, पण वाचता येते का?

पहिल्याच दिवशी एक साधी चाचणी करा. आपली पीडीएफ उघडा, एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा.

महाराष्ट्रातल्या संस्थांकडचा बराच जुना मजकूर श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा फाँटांत टाइप केलेला आहे. हे फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातले. त्यांत 'द्राक्ष' हा शब्द डोळ्यांना देवनागरीत दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं. फाँटने फक्त त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. नोटपॅडमध्ये चिकटवलं की ते रूप गळून पडतं. आपल्याला जो कचरा दिसतो तोच चॅटबॉटलाही दिसणार. यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी असते. एकाच कुटुंबातल्या दोन आवृत्त्यांतही फरक निघतो. म्हणून सगळ्या फायली एकदम रूपांतरित करू नका. फाँटनिहाय ढीग करा, प्रत्येक ढिगातली दोन-तीन पानं रूपांतरित करा आणि मूळ कागद शेजारी ठेवून वाचा. जोडाक्षरं आणि आकडे विशेष नीट पाहा.

फाइल युनिकोडमध्ये असली तरी निश्चिंत होता येत नाही. पीडीएफमध्ये अक्षरं अनेकदा दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. मग 'निर्यात' हा शब्द बाहेर येतो 'िनयार्त' असा. पहिली वेलांटी पुढे आली आणि रफार भलत्या जागी गेला. माणूस हे अडखळत का होईना वाचतो, पण शोधयंत्राला 'निर्यात' आणि 'िनयार्त' हे दोन परके शब्द आहेत. वर्ड फाइल कुणाकडे शिल्लक असेल तर ती मिळवा. पीडीएफशी झगडण्यापेक्षा एक फोन करून मूळ फाइल मागवणं केव्हाही स्वस्त.

मूळ फाइल नसेल, किंवा कागद स्कॅन केलेला असेल, तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसेरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं, पण मराठीची भाषा-फाइल वेगळी टाकून तसं सांगावं लागतं, नाहीतर ते पान इंग्रजी समजून वाचायला घेतं. स्कॅन ३०० डीपीआयचं असावं. साधा मजकूर बरा येतो. तक्ता आला की रकाने एकमेकांत घुसतात. फवारणीचा तक्ता ओसीआरवर सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-बारा पानांचे तक्ते कुणाकडून तरी एक्सेलमध्ये हाताने भरून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. सगळ्यात जास्त प्रश्न तिथलेच येणार आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट. 'शेतकऱ्यांना' हा शब्द संगणकात दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'व्हॉट्सॲप'मधल्या ॲचंही तेच आहे. तो एक अखंड वर्ण असू शकतो किंवा अ आणि वरची चंद्रकोर असे दोन. युनिकोडची ठरावीक शुद्धीकरण पद्धत हे दोन्ही फरक मिटवत नाही, त्यासाठी आपले चार नियम लिहावे लागतात. आकड्यांचंही तसंच. फाइलीत देवनागरी आकडे असतात आणि शेतकरी मोबाइलवर इंग्रजी आकडे टाइप करतो. शोधासाठी ठेवायच्या मजकुरात आणि येणाऱ्या प्रश्नात, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. कोडच्या जेमतेम वीस-पंचवीस ओळी लागतात, पण त्या नसतील तर बॉट समोर असलेला शब्दही 'सापडला नाही' म्हणतो.

तुकडे पाडताना

साफ झालेला मजकूर अख्खा साठवत नाहीत, त्याचे तुकडे करतात. शोध या तुकड्यांत होतो आणि मॉडेलला हेच तुकडे दिले जातात. लँगचेन, लामाइंडेक्स यांसारख्या साधनांत 'अमुक अक्षरांनंतर काप' अशी तयार सोय आहे. सुरुवातीला सगळे तीच वापरतात.

तिचं काय होतं ते एका तक्त्यावर पाहू. वर शीर्षक आहे: 'फळछाटणीनंतर, फुलोरा ते मणी सेटिंग'. खाली रकाने: रोग, औषधाचा घटक, प्रमाण, पीएचआय. मग पंधरा ओळी. अक्षरं मोजून कापलं की नववी ओळ दुसऱ्या तुकड्यात जाते. त्या तुकड्यात शीर्षक नाही, रकान्यांची नावं नाहीत, नुसती एक ओळ आहे: घटकाचं नाव, मग एक आकडा, मग दुसरा आकडा. यातला प्रमाणाचा कोणता आणि दिवसांचा कोणता? मॉडेल अंदाज बांधणार.

म्हणून तक्त्याची प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहील असं वाक्य करून ठेवावं: 'हंगाम अमुक. फळछाटणीनंतर फुलोरा ते मणी सेटिंग या अवस्थेत केवड्यासाठी अमुक घटक, प्रमाण इतकं, पीएचआय इतके दिवस.' एक्सेलमधून हे आपोआप करता येतं. परिच्छेदांसाठीही हाच नियम: कागदाचं नाव, तारीख आणि जवळचं उपशीर्षक प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर चिकटवा. तुकडा किती मोठा असावा यावर एकच एक उत्तर नाही. एक मुद्दा पूर्ण होईल एवढा असावा, आणि लागोपाठच्या तुकड्यांत एक-दोन वाक्यं सामाईक ठेवावीत.

तुकड्यासोबत वेगळ्या खणात हंगाम, पीक, अवस्था, बाजारपेठ, पान क्रमांक अशी माहितीही ठेवा. अपेडाच्या द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांतली औषधांची यादी, जिला बागायतदार ॲनेक्स्चर पाच म्हणतात, ती सुधारित होऊन येत राहते. गेल्या हंगामाची आणि यंदाची यादी भाषेने जवळपास सारखी असते, त्यामुळे नुसता अर्थ बघणारा शोध जुनी यादीही तितक्याच आत्मविश्वासाने वर आणतो. हंगामाची चाळणी शोधाच्या आधीच लागली पाहिजे.

अर्थाने शोधणं आणि शब्दाने शोधणं

आता शोध नेमका होतो कसा ते. प्रत्येक तुकडा एका छोट्या मॉडेलला दिला की ते त्याचं आकड्यांच्या रांगेत रूपांतर करतं. या रांगेला एम्बेडिंग म्हणतात. मॉडेलनुसार ती ७६८ किंवा १०२४ आकड्यांची असते. सुटा आकडा काहीच सांगत नाही, पण अर्थाने जवळची वाक्यं आकड्यांनीही जवळ येतात अशी त्या मॉडेलची घडण असते. 'पानाच्या मागे पांढरी बुरशी दिसतेय' हा प्रश्न आणि 'पानाच्या खालच्या बाजूस पांढरट वाढ' हा उतारा, शब्द फारसे जुळत नसूनही शेजारी येतात. प्रश्नाचीही अशीच रांग करायची आणि सर्वांत जवळचे तुकडे उचलायचे. या रांगा ठेवायला क्रोमा, क्वाड्रंट, फेस अशी साधनं आहेत. आधीच पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरात असेल तर त्याला पीजीव्हेक्टर जोडलं तरी भागतं. काही हजार तुकड्यांसाठी यांतलं काहीही चालेल, त्यावर वेळ घालवू नका.

एम्बेडिंगचं मॉडेल मात्र विचार करून निवडा, कारण इंग्रजीवर पोसलेलं मॉडेल मराठीत ढेपाळतं. बहुभाषिक ई५ आणि बीजीई-एम३ ही दोन मोफत मॉडेल्स मराठी बऱ्यापैकी हाताळतात. पुण्याच्या एल३क्यूब गटाने खास मराठी वाक्यांसाठीही मॉडेल प्रसिद्ध केलं आहे. ई५ वापरलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रश्नाच्या आधी 'क्वेरी' आणि उताऱ्याच्या आधी 'पॅसेज' हे शब्द इंग्रजीत जोडावे लागतात, त्याशिवाय त्याची कामगिरी घसरते. आणि ते ५१२ टोकनांपर्यंतच वाचतं. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा, आणि एका मराठी शब्दाचे सहज दोन-तीन होतात. त्या मर्यादेपुढचा मजकूर काही न सांगता कापला जातो. बीजीई-एम३ ची मर्यादा ८१९२ आहे.

अर्थाचा शोध एका ठिकाणी कमी पडतो, ते म्हणजे नावं. दोन बुरशीनाशकांची नावं त्याला जवळजवळ सारखीच वाटतात, आणि आपल्याला तर नेमकं तेच नाव हवं असतं. तिथे शब्द जुळवणारी जुनी पद्धत, बीएम२५, कामाला येते. दोन्ही शोध चालवायचे आणि दोन्ही याद्यांत वरच्या क्रमांकावर असलेले तुकडे घ्यायचे, हे सगळ्यांत भरवशाचं.

पण बीएम२५ ला मराठीची सवय नाही. द्राक्ष, द्राक्षावर, द्राक्षांना, द्राक्षबागेत हे त्याच्यासाठी चार वेगळे शब्द. प्रत्यय छाटणारं साधन वापरा, किंवा शब्दाचे तीन-चार अक्षरांचे तुकडे करून तेच जुळवा. दुसरा उपाय ओबडधोबड दिसतो, पण चालतो.

त्यातच बोलीतली नावं. कागदात 'केवडा' लिहिलेलं असतं, शेतकरी 'डावणी' म्हणतो, कुणी 'डाऊनी'. शेतकरी 'लिहोसीन' विचारतो आणि यादीत 'क्लोरमेक्वाट क्लोराइड' असतं. दुकानातल्या ब्रँडची नावं आणि यादीतले घटक यांची एक साधी जोडयादी करा आणि प्रश्न शोधाकडे जाण्याआधी तिच्यातून जाऊ द्या. ही यादी कोणतंही मॉडेल तुम्हाला भरवशाने करून देणार नाही. ती कृषी सल्लागार आणि औषध दुकानदार यांना शेजारी बसवूनच होते. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातली सर्वांत मोलाची फाइल हीच.

मॉडेलला काय सांगायचं

इतकं झालं की मॉडेलचं काम लहान उरतं. सूचना काहीशी अशी: 'खाली क्रमांक घातलेले उतारे आहेत. फक्त त्यांवरून, साध्या मराठीत उत्तर दे. औषधाचं नाव, प्रमाण आणि दिवस उताऱ्यात आहेत तसेच लिही. प्रत्येक विधानापुढे उताऱ्याचा क्रमांक दे. उताऱ्यांत उत्तर नसेल तर "या कागदांत याचं उत्तर नाही" एवढंच सांग आणि सल्लागाराशी बोलायला सुचव. अवस्था किंवा बाजारपेठ कळत नसेल तर आधी ती विचार.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'डावणीला काय मारू' या प्रश्नाचं उत्तर बाग पोंग्यात आहे की मण्यात पाणी उतरलंय यावर ठरतं. चांगला सल्लागार आधी तेच विचारतो.

सूचनेवर पूर्ण विसंबूनही चालत नाही, कारण सांगितल्यावरही मॉडेल कधीतरी पदरचं घालतं. म्हणून एक साधा पहारा बसवा. उत्तरातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक घटकाचं नाव दिलेल्या उताऱ्यांत आहे का ते कोडने तपासायचं, आणि नसेल तर उत्तर पुढे जाऊ द्यायचं नाही. उत्तराखाली मूळ पानाचा फोटो जोडता आला तर फार उत्तम. शेतकऱ्याचा विश्वास बॉटवर नाही, त्या छापील पानावर असतो, आणि तसाच असावा.

मॉडेल कोणतं? पैसे देऊन इंटरनेटवरून वापरायची मोठी मॉडेल्स मराठी चांगलं लिहितात. ओलामासारख्या साधनाने लहान मॉडेल ऑफिसातल्याच संगणकावर चालवता येतं, पण त्याचं मराठी आधी नीट तपासून घ्या. रेसिड्यू रिपोर्टवर शेतकऱ्याचं नाव आणि प्लॉटचा नोंदणी क्रमांक असतो. असे कागद सगळ्यांसाठीच्या साठ्यात टाकूच नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, शिवाय एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिसणं हे कायदा नसता तरी गैरच. कोणाला काय दिसावं हे शोधाच्या पायरीवर अडवायचं असतं. मॉडेलला 'हे सांगू नकोस' अशी विनंती करून ते अडत नाही.

तपासल्याशिवाय ग्रुपवर सोडू नका

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले पन्नासेक खरे प्रश्न निवडा, आहेत त्या भाषेत, चुकीच्या शुद्धलेखनासकट. प्रत्येकापुढे सल्लागाराकडून लिहून घ्या की उत्तर कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर आहे. त्यात मुद्दाम दहा प्रश्न असे घाला ज्यांचं उत्तर फायलींत नाही. उदाहरणार्थ, सटाण्याकडचा कोणी डाळिंबाच्या तेल्या रोगाबद्दल विचारेल. द्राक्षाच्या बॉटने तिथे नम्रपणे नाही म्हटलं पाहिजे.

मग दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. योग्य पान पहिल्या पाच तुकड्यांत आलं का, आणि आलं असेल तर उत्तर त्याला धरून आहे का. या दोन्हींची सरमिसळ झाली की लोक उगाच मॉडेल बदलत बसतात. पानच आलं नसेल तर महागातलं मॉडेल आणूनही काही होणार नाही. तिथे फाँट, तुकडे, जोडयादी यांतच काहीतरी बिघडलेलं असतं.

नवी यादी किंवा परिपत्रक आलं की जुनं साठ्यातून बाजूला काढायचं, नवं घालायचं आणि हे पन्नास प्रश्न पुन्हा चालवायचे. हे काम एका माणसाच्या नावावर असू द्या. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं आणि छाटणीच्या धांदलीत ते राहून जातं. बॉटने 'या कागदांत उत्तर नाही' म्हणून परत केलेले प्रश्न दर आठवड्याला सल्लागारापुढे ठेवा. त्याने दिलेलं उत्तर नाव, तारीख आणि हंगाम घालून लिहून काढा, तपासा आणि साठ्यात टाका.